बोर्डाचा दिवा लागतो, पण एडिटरमध्ये पोर्टच दिसत नाही

"सर, लाइट तर लागलीय की! मग पोर्ट का दिसंना?"

शनिवारच्या लॅबमध्ये हा प्रश्न मला आलाच नाही असं सहसा होत नाही. पोर्ट म्हणजे कॉम्प्युटर बोर्डाशी ज्या दारातून बोलतो ते, कॉम५ असल्या नावानं यादीत दिसणारं दार. विचारणाऱ्याचं बोट बोर्डावरच्या लाल दिव्यावर असतं आणि आवाजात थोडी कुरकुर असते, की बोर्ड जिवंत आहे हे मी दाखवून दिलंय, आता पुढचं तुम्ही बघा. पण तो दिवा फक्त एवढंच सांगतो की केबलमधून पाच व्होल्ट येताहेत. तोच बोर्ड मोबाइलच्या चार्जरला लावलात तरी दिवा असाच लागेल, आणि चार्जर काही बोर्डाशी गप्पा मारत नाही.

साताऱ्याच्या आसपासच्या दोन शाळांमध्ये मी आठवी-नववीच्या मुलांना आर्डुइनो, पिको, ईएसपी३२ असले, प्रोग्रॅम भरून चालवायचे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड शिकवतो. प्रोग्रॅम शिकवायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ 'बोर्ड दिसत नाही' यात जातो असं वाटायला लागलं, तेव्हा एक वही केली. काय झालं, काय काय करून बघितलं, आणि शेवटी कशानं सुटलं, असं लिहीत गेलो. खाली आहे ते त्या वहीतलंच, थोडं सावरून.

वही चाळताना आधी स्वतःचीच चूक दिसली. बोर्ड दिसला नाही की मी एडिटरच्या, म्हणजे प्रोग्रॅम लिहून बोर्डात भरायच्या सॉफ्टवेअरच्या, मागे लागायचो. बंद करून उघड, काढून पुन्हा टाक, जुनं व्हर्जन शोध. खरं तर एडिटर या रांगेत सगळ्यात मागे उभा असतो. त्याच्या पुढे केबल, बोर्डावरची यूएसबीची चिप, ड्रायव्हर (त्या चिपशी बोलायला कॉम्प्युटरला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) आणि पोर्ट. विंडोजला किंवा लिनक्सला जे दिसलेलं नाही ते एडिटर कुठून आणणार? म्हणून आता माझा नियम असा आहे: एडिटर बंद करायचा आणि आधी कॉम्प्युटरला विचारायचं.

आधी कॉम्प्युटर काय म्हणतो ते बघा

विंडोज असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा आणि डिव्हाइस मॅनेजर उघडा. बोर्ड अजून लावू नका. यादी नजरेखालून घाला. आता बोर्ड लावा. सगळं ठीक असेल तर 'टुडुंग' असा आवाज येतो आणि यादी एकदा थरथरून पुन्हा जागेवर बसते. बोर्ड काढलात की उलटा आवाज येतो आणि एक ओळ गायब होते. ही काढ-घाल दोन-तीनदा करा. मुलांना मी यादीकडे बघायला सांगतो आणि स्वतः कान देतो. वर्गात स्पीकर बंद असतील तर ते आधी चालू करून घ्या, निम्मं निदान तिथेच होतं.

यातून तीनपैकी एक गोष्ट कळते.

आवाज नाही, यादी हललीच नाही: म्हणजे काहीतरी जोडलंय याचाच कॉम्प्युटरला पत्ता नाही. ड्रायव्हर वगैरे विसरा. केबल, यूएसबीचं भोक किंवा बोर्डाच्या सॉकेटचा टाका (सोल्डरचा जोड), यांपैकी एक.

आवाज आला, पण पिवळा त्रिकोण दिसतोय: इथे त्या ओळीवर डबल क्लिक करून आतला कोड वाचायचा. तो कोड कुणी वाचत नाही आणि तिथेच वेळ जातो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. कोड ४३, आणि नावात 'डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असं काही असेल, तर मात्र ड्रायव्हर कितीही वेळा टाका, उपयोग होणार नाही. हे का, ते सांगतो. बोर्ड लावला की त्यावरची यूएसबीची चिप 'डी प्लस' नावाची तार दीड किलोओहमच्या रेझिस्टरनं वर ओढते. ती ओढ जाणवली की कॉम्प्युटरला कळतं की दारात कुणीतरी आलंय. मग तो विचारतो, तू कोण? कोड ४३ मध्ये दार वाजलंय, पण 'तू कोण'चं उत्तर धड आलेलं नाही. कारण बहुतेक वेळा अर्धवट तुटलेली केबल, सैल सॉकेट, स्वस्तातला यूएसबी हब, नाहीतर चिपच गेलेली.

'पोर्ट्स'च्या खाली कॉम५, कॉम७ असा नंबर आला: छान. कॉम्प्युटरची बाजू झाली, आता दोष पुढे शोधायचा.

केबल

वहीतली सगळ्यात जास्त पानं केबलनं खाल्लीत, त्यामुळे इथे जरा थांबतो.

यूएसबी २ च्या केबलमध्ये चार तारा असतात. लाल म्हणजे पाच व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, आणि हिरवी-पांढरी ही जोडी माहितीची: हिरवी डी प्लस, पांढरी डी मायनस. स्वस्त पॉवर बँक, ट्रिमर, ब्लूटूथ स्पीकर, टॉर्च यांच्याबरोबर जी आखूड केबल मिळते तिच्यात बऱ्याचदा लाल आणि काळी एवढ्याच असतात. चार्जिंगला तेवढं पुरतं. बोर्डाचा दिवाही तेवढ्यावर लागतो. आणि पोरं घरून केबल आणतात ती नेमकी हीच.

सुरुवातीला ज्या मुलीचा प्रश्न लिहिला तिची केबल अशीच होती. तिला ते पटेना, कारण त्याच केबलनं घरी मोबाइल चार्ज होतो. मग तिच्या परवानगीनं केबल मधोमध कापली. वरचं काळं आवरण ब्लेडनं सोललं. आत दोनच तारा निघाल्या, आणि उरलेली जागा भरायला पांढऱ्या सुती दोऱ्यासारखं काहीतरी. सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला होता. त्या दिवसानंतर त्या वर्गाला केबलबद्दल पुन्हा सांगावं लागलेलं नाही. (तिला मी नवी केबल दिली, हे सांगायला हवं. नाहीतर घरून विचारणा झाली असती.)

न कापता ओळखायचं असेल तर मायक्रो किंवा टाइप-सी केबलनं फोन कॉम्प्युटरला जोडा. फोनवर फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला की केबल डेटाची. आर्डुइनोच्या उनो बोर्डाला मात्र जाड चौकोनी तोंडाची केबल लागते, प्रिंटरची असते तीच, आणि ती चार्जिंगपुरती क्वचितच असते. त्यामुळे उनो दिसत नसेल तर मी केबलवर आधी संशय घेत नाही. नॅनो या छोट्या आर्डुइनोची मिनी केबल आणि ईएसपी३२ ची मायक्रो केबल यांच्यावर घेतो. लॅबमध्ये तपासून घेतलेल्या केबलच्या दोन्ही टोकांना हिरवी इन्सुलेशन टेप गुंडाळलीय. टेप नाही, तर ती केबल वर्गात चालत नाही. दुकानात मागताना, मग ते पुण्याच्या तपकीर गल्लीत असो की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, 'डेटा केबल' असं म्हणूनच मागा आणि शक्यतो एक मीटरच्या आतली घ्या.

टाइप-सीच्या बोर्डांची एक वेगळीच गंमत आहे. दोन्ही बाजूंना सी असलेली केबल लावली तर दिवासुद्धा लागत नाही आणि बोर्ड मेला असं वाटतं. सी-टू-सीमध्ये पलीकडच्याला वीज देण्याआधी कॉम्प्युटर सॉकेटच्या सीसी पिनांवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर आहेत का ते बघतो. स्वस्त बोर्ड बनवणाऱ्यांनी तेच दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. एका बाजूला जुनं चपटं यूएसबी-ए आणि दुसऱ्या बाजूला सी अशी केबल घ्या, तोच बोर्ड टुणकन उठतो.

आणि डेस्कटॉप असेल तर पुढच्या पॅनेलवरची भोकं सोडून मागे, थेट मदरबोर्डला लावून बघा. आमच्या लॅबमधल्या एका कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकात खडूची भुकटी होती. हबवर तर बोर्ड तपासूच नये.

बोर्डाला काही जोडलेलं असेल, सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर), मोटर, एलसीडी, तर ते सगळं काढून नुसता बोर्ड लावा. यूएसबी २ च्या भोकातून हक्कानं मिळतात ५०० मिलिअँपिअर. अडकलेला सर्व्हो एकटाच त्याहून जास्त ओढू शकतो, आणि मग व्होल्टेज पडून बोर्ड सारखा उठतो-बसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट दिसतो, जातो, दिसतो, जातो. उनोवर ५०० मिलिअँपिअरचा एक फ्यूज असतो. तो तापला की वीज रोखतो आणि गार झाला की आपोआप परत येतो. शॉर्ट झाल्यावर बोर्ड मेला म्हणून लगेच डब्यात टाकू नका. चहा पिऊन या, मग बघा.

ड्रायव्हर, म्हणजे आधी चिप ओळखा

मूळ उनोवर यूएसबीशी बोलायला एटीमेगा१६यू२ ही वेगळी चिप असते. विंडोज १० च्या पुढे तिला सहसा वेगळं काही लागत नाही. बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्त उनो आणि नॅनो मात्र सीएच३४० चिपवर असतात, ईएसपी३२ चे बोर्ड सीपी२१०२ किंवा सीएच३४० वर, आणि काही जुने नॅनो एफटी२३२ वर. प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा. त्यामुळे 'आर्डुइनोचा ड्रायव्हर' शोधत बसण्यापेक्षा बोर्ड उलटा-सुलटा करा आणि चिपवरची अक्षरं वाचा. मोबाइलचा कॅमेरा झूम करून, टॉर्च तिरका धरला की अक्षरं उठून दिसतात. सीएच३४०जी ही सोळा पायांची असते आणि तिच्या शेजारी चांदीच्या गोळीसारखा १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. सीपी२१०२ म्हणजे पाय बाहेर न आलेला बारीक काळा चौकोन.

अक्षरं घासून काढलेली असतील तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ओळीच्या प्रॉपर्टीज, मग 'डिटेल्स', मग 'हार्डवेअर आयडीज' उघडा. व्हीआयडी (कंपनीचा नंबर) १ए८६ आणि पीआयडी (वस्तूचा नंबर) ७५२३ म्हणजे सीएच३४०. १०सी४ आणि ईए६० म्हणजे सीपी२१०२. २३४१ पासून सुरू होत असेल तर मूळ आर्डुइनो, आणि २ई८ए म्हणजे रास्पबेरी पाय पिको.

इंटरनेट चालू असेल तर विंडोज १० किंवा ११ हे ड्रायव्हर बऱ्याचदा स्वतःच आणतं. शाळेच्या कॉम्प्युटरला इंटरनेट नसतं, म्हणून मी सगळे ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घेऊन पेन ड्राइव्हवर ठेवलेत. कुठल्याही भलत्या 'ड्रायव्हर डाउनलोड' साइटवरून घेऊ नका, त्यातून भलतंच काहीतरी येतं. आणि टाकायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो, तो तास सुरू व्हायच्या आधी मागून ठेवा. पासवर्ड ज्यांच्याकडे असतो ते नेमके शनिवारी रजेवर असतात.

उलटंही होतं. काल चालणारा बोर्ड विंडोज अपडेटनंतर बंद पडतो. पोर्ट दिसतो, पण उघडायला गेलं की चूक. सीएच३४० च्या नकली चिपांबाबत हे जास्त घडतं, नवा ड्रायव्हर त्यांना जुमानत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रॉपर्टीजमधून 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. नकली चिपांचा हा त्रास जुना आहे. २०१४ मध्ये एफटीडीआयच्या एका ड्रायव्हरनं नकली एफटी२३२ चिपांचा पीआयडी शून्य करून टाकला होता आणि जगभर लोकांचे बोर्ड एका रात्रीत 'अदृश्य' झाले. कंपनीला नंतर तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. नकली चिप बनवणारा कुणीतरी, ती विकणारा कुणीतरी, आणि फटका बसला तो टेबलावर बोर्ड घेऊन बसलेल्याला. मला तो प्रकार तेव्हाही पटला नव्हता.

लिनक्सवाल्यांसाठी

लिनक्समध्ये ड्रायव्हर आधीच आत असतो, म्हणून मला ते आवडतं. पण तिथे दोन खड्डे आहेत.

पहिला परवानगीचा. बोर्ड दिसतो, एडिटरच्या यादीत पोर्टही येतो, पण अपलोड केलं की 'परमिशन डिनाइड'. सीरियल पोर्ट, म्हणजे हाच आपला पोर्ट, उघडायचा हक्क उबुंटू-डेबियनमध्ये 'डायलआउट' नावाच्या गटाला असतो. नाव विचित्र वाटतं. हे सीरियल पोर्ट एकेकाळी टेलिफोनच्या मोडेमसाठी होते आणि मोडेम 'डायल' करायचा, त्या काळचं ते राहिलेलं आहे. तुमच्या युजरला त्या गटात टाका आणि मग लॉगआउट करून परत आत या. नुसती टर्मिनलची खिडकी बंद करून उघडली तर बदल लागू होत नाही. इथे अनेकजण अडकतात, मीही एक अख्खी संध्याकाळ अडकलो होतो.

दुसरा खड्डा उबुंटू २२.०४ मध्ये अनेकांना भेटला. सीएच३४० चा बोर्ड लावला की पोर्ट क्षणभर येतो आणि लगेच नाहीसा होतो. कर्नलचे संदेश बघितले, म्हणजे टर्मिनलमध्ये 'डीमेसेज' (dmesg) चालवलं, तर त्यात 'बीआरएलटीटीवाय' हे नाव दिसतं. हा अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल पट्टीसाठीचा प्रोग्रॅम आहे. एका ब्रेल पट्टीचा यूएसबी आयडीही हाच, १ए८६:७५२३. त्यामुळे तुमचा नॅनो म्हणजे ब्रेल पट्टीच, असं समजून तो प्रोग्रॅम पोर्ट ताब्यात घेतो. त्या कॉम्प्युटरवर कुणीही ब्रेल पट्टी वापरत नसेल तर तो प्रोग्रॅम काढून टाका, बोर्ड पुन्हा काढून लावा, झालं. कुणी वापरत असेल तर मात्र काढू नका. त्याच्या नियमांच्या फाइलमधली तेवढी एक ओळ बंद करा.

मॅक माझ्याकडे नाही, त्यामुळे फार बोलत नाही. एका पालकांच्या नव्या मॅकबुकवर बोर्ड लावल्यावर 'ही अ‍ॅक्सेसरी जोडू द्यायची का' अशी खिडकी येते, आणि मुलानं घाईत 'नको' दाबलं होतं. एवढंच होतं ते.

पोर्ट आहे, तरीही

आता एडिटर उघडा.

आर्डुइनो आयडीई २ मध्ये पोर्टच्या शेजारी 'अननोन' लिहिलेलं दिसलं की मुलं घाबरतात. घाबरण्यासारखं काही नाही. सीएच३४० चिप कॉम्प्युटरला फक्त 'मी सीएच३४०' एवढंच सांगते. तिच्या मागे उनो आहे, नॅनो आहे की ईएसपी३२, हे तिला स्वतःलाच माहीत नसतं, मग एडिटरला कसं कळणार? बोर्ड कुठला ते तुम्ही निवडायचं, पोर्ट कुठला तेही तुम्हीच. या दोन वेगळ्या निवडी आहेत. 'बोर्ड डिटेक्ट होत नाही' म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारी इथेच संपतात.

पोर्ट निवडताना यादीतला पहिला घेऊ नका. कॉम१ बहुधा मदरबोर्डचा असतो, आणि कॉम३-कॉम४ कधी कधी ब्लूटूथचे निघतात. पुन्हा तीच काढ-घाल करा: बोर्ड काढल्यावर जो नंबर यादीतून जातो तो तुमचा.

पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो. 'अ‍ॅक्सेस डिनाइड' किंवा 'पोर्ट बिझी' आलं तर दुसरं कुणीतरी तो धरून बसलंय. दुसऱ्या खिडकीतला सीरियल मॉनिटर (बोर्डाशी अक्षरांची देवघेव दाखवणारी खिडकी), मागे चालू राहिलेला थॉनी (पायथनचा एडिटर), एखादी पायथनची स्क्रिप्ट, थ्रीडी प्रिंटरचं सॉफ्टवेअर. एका कॉम्प्युटरवर दोन मुलं बसली आणि एकानं आर्डुइनो आयडीई, दुसऱ्यानं दुसरा एडिटर उघडला की हे होतंच.

नॅनोचा एक खास आजार आहे. पोर्ट बरोबर, बोर्ड बरोबर, आणि अपलोडला एव्हीआरड्यूड (एडिटरमधला, प्रोग्रॅम बोर्डात भरणारा भाग) दहा वेळा 'नॉट इन सिंक' म्हणत राहतो. जानेवारी २०१८ पासूनच्या नॅनोंमध्ये नवा बूटलोडर (अपलोड आत घेणारा छोटा प्रोग्रॅम) आहे, तो ११५२०० च्या वेगानं बोलतो. जुन्यांमधला ५७६०० नं. नकली नॅनो आजही बऱ्याचदा जुना बूटलोडर घेऊन येतात. 'टूल्स'मधल्या 'प्रोसेसर'मध्ये 'ओल्ड बूटलोडर' निवडा. नवीन नॅनोचा डबा उघडला की मी हे आधीच निवडून बघतो.

शून्य आणि एक नंबरच्या पिनांना काही जोडलंय का तेही बघा. अपलोड त्याच पिनांवरून जातं. एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल तिथे लावलेलं असेल तर दोघं एकाच वेळी बोलायला जातात आणि कुणाचंच ऐकू येत नाही.

इतकं करूनही जमलं नाही तर उनोवर एक चाचणी करा, माझी सगळ्यात आवडती. रीसेट पिन जम्परनं, म्हणजे छोट्या जोडवायरनं, ग्राउंडला जोडा, म्हणजे मुख्य चिप गप्प बसते. दुसऱ्या जम्परनं शून्य आणि एक या दोन पिना एकमेकींना जोडा. सीरियल मॉनिटर उघडा, काहीतरी टाइप करा आणि एंटर दाबा. जे लिहिलं तेच परत आलं तर केबल, ड्रायव्हर, पोर्ट, यूएसबीची चिप, सगळं धडधाकट आहे. दोष मुख्य चिपमध्ये किंवा तिच्या बूटलोडरमध्ये. काहीच परत आलं नाही तर दोष अलीकडे. आणि शून्य-एकमधला जम्पर काढल्यावरही अक्षरं परत येत असतील तर कुठेतरी टाका सांडून दोन पिना जोडल्या गेल्यात, भिंग घ्या. दोन वायरींत बोर्डाचे दोन भाग वेगळे करून दाखवणारी अशी चाचणी दुसरी मला माहीत नाही.

पिको आणि थॉनी

रास्पबेरी पाय पिकोचा (हा २०२१ च्या जानेवारीत आला) प्रकार मुळातच वेगळा आहे. त्याच्यावर यूएसबीची वेगळी चिप नसते, आरपी२०४० ही मुख्य चिप स्वतःच यूएसबी बोलते. म्हणजे पोर्ट दिसायला आत प्रोग्रॅम असावा लागतो, आणि नव्या कोऱ्या पिकोत काहीच नसतं. तो लावला की पेन ड्राइव्हसारखा 'आरपीआय-आरपी२' नावाचा ड्राइव्ह उघडतो आणि थॉनी म्हणतो की डिव्हाइस सापडत नाही. दोघंही खरंच बोलताहेत.

थॉनीत खाली उजव्या कोपऱ्यात क्लिक करा, 'कॉन्फिगर इंटरप्रिटर' उघडा आणि तिथूनच मायक्रोपायथन (बोर्डावर चालणारं छोटं पायथन) टाका. किंवा मायक्रोपायथनची यूएफ२ फाइल त्या ड्राइव्हवर ओढून सोडा. ड्राइव्ह लगेच नाहीसा होतो आणि 'तुम्ही नीट न काढता उपसलं' असं काहीसं कॉम्प्युटर ओरडतो. तसंच व्हायला हवं. आता पोर्ट येईल. पिको आणि पिको डब्ल्यू यांच्या फाइली वेगळ्या आहेत, त्या अदलाबदल करू नका.

आधी मायक्रोपायथन होतं, दिसतही होता, आणि आता दिसत नाही? तर 'मेन' नावाच्या फाइलमध्ये न थांबणारं लूप असेल, जे थॉनीला बोलायला जागाच देत नाही. आधी थॉनीतलं लाल 'स्टॉप' दोन-तीनदा दाबा. नाहीच ऐकलं तर बूटसेल बटण दाबून धरा, दाबलेलंच ठेवून केबल लावा, मग सोडा. ड्राइव्ह दिसला म्हणजे बोर्ड ठणठणीत आहे. 'फ्लॅश न्यूक' नावाची यूएफ२ फाइल टाकून सगळं पुसा आणि मायक्रोपायथन पुन्हा टाका. आतला प्रोग्रॅम मात्र जातो, त्याची प्रत कॉम्प्युटरवर ठेवायची सवय मुलांना आधीच लावा.

ईएसपी३२

इथे पोर्ट दिसतो, अपलोडही सुरू होतं, 'कनेक्टिंग' लिहून ठिपके आणि रेघा सरकत राहतात आणि मग चूक येते. ठिपके सुरू झाले की बोर्डावरचं 'बूट' बटण दाबून धरा, टक्के दिसायला लागले की सोडा. या बटणानं शून्य नंबरची पिन खाली ओढली जाते आणि चिपला कळतं की आता नवा प्रोग्रॅम घ्यायचाय. खरं तर हे काम बोर्डावरचे दोन ट्रान्झिस्टर आपोआप करतात, पण काही बोर्डांवर त्यांची वेळ चुकते. दरवेळी बटण दाबायचा कंटाळा आला तर 'ईएन' आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, उणे बाजू ग्राउंडला. ईएसपी३२-एस३ च्या काही बोर्डांवर टाइप-सीची दोन सॉकेटं असतात, एकावर 'यूएआरटी' आणि दुसऱ्यावर 'यूएसबी' लिहिलेलं. एकात दिसला नाही तर दुसऱ्यात लावा.

मेलाच असेल तर

काही बोर्ड खरंच जातात. मागच्या पावसाळ्यात एका मुलानं बारा व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर उनोच्या पाच व्होल्टच्या पिनेला लावला. वास आला. दिवा लागत होता, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये काही नाही, तीन केबली आणि दोन कॉम्प्युटर बदलूनही नाही. १६यू२ चिपवर बोट ठेवलं तर चटका बसला. पण रीसेट दाबल्यावर 'एल' लिहिलेला दिवा भराभर लुकलुकला, म्हणजे मुख्य चिपमधला बूटलोडर अजून जागा होता.

मग यूएसबी-सीरियलचं एक छोटं मॉड्यूल घेतलं. त्याचा टीएक्स (पाठवायची पिन) शून्य नंबरला, आरएक्स (घ्यायची पिन) एक नंबरला, ग्राउंड ग्राउंडला, पाच व्होल्ट पाच व्होल्टला, आणि डीटीआर ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेटला. एडिटरमध्ये नवा कॉम नंबर आला, दिवा लुकलुकवणारा 'ब्लिंक' प्रोग्रॅम अपलोड झाला. त्या बोर्डाच्या मूळ यूएसबी सॉकेटवर आता काळी टेप आहे आणि त्यावर खडूनं फुली. पाण्याच्या टाकीची पातळी दाखवायचं काम तो करतोय.